भर उन्हातला खो-खोचा व्हिडिओ तुटक का दिसतो?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात शिकवतो आणि शाळेच्या खो-खो संघाचं कामही बघतो. सामन्यांचे व्हिडिओ मोबाइलवर काढायचे आणि मुलांना त्यांच्या चुका दाखवायच्या, असा बेत होता. पण सकाळी अकराच्या उन्हात काढलेल्या व्हिडिओत मुलं झटके खात पळाल्यासारखी दिसतात. रात्री दिव्यांखाली काढला, तर हातपाय पुसट होतात आणि पडद्यावरून काळे पट्टे सरकत राहतात. एकदा तर मैदानावरचा खांबच तिरका दिसला! दुकानदार म्हणतो ‘फोर-के’वर काढा, भाचा म्हणतो ‘साठ एफपीएस’ ठेवा, स्टाफरूममधले सहकारी म्हणतात नवा फोनच घ्या. नेमकं काय करावं?

उत्तर : सर, तुमच्या एका पत्रात चार तक्रारी आहेत. त्यांतल्या तिघींचं मूळ एकच आहे आणि नेमका त्याचाच उल्लेख तुमच्या तिन्ही सल्लागारांनी केलेला नाही. ते मूळ म्हणजे शटर. फोर-के म्हणजे प्रत्येक चित्रात बारकावा किती, साठ एफपीएस म्हणजे सेकंदाला चित्रं किती. पण त्यांतलं एकेक चित्र टिपायला कॅमेरा किती वेळ उजेड घेतो, ते शटरवर ठरतं. पळणारा गडी स्पष्ट दिसणार की पुसट, सलग पळणार की झटके खात, हे बरंचसं त्यावरच अवलंबून असतं. चौथ्या तक्रारीचं, म्हणजे तिरक्या खांबाचं, कूळ वेगळं आहे. त्याकडे नंतर येऊ.

आधी थोडा हिशोब करू. तुमचा चपळ खेळाडू ऐन भरात सेकंदाला सहा मीटर पळतो, असं धरून चाला. फोनमध्ये काही न बदलता व्हिडिओ काढला, तर तो बहुधा सेकंदाला ३० चित्रं घेतो. म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत मुलगा २० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. शटर १/६० सेकंद असेल, तर या वीसपैकी दहा सेंटिमीटरांची धाव चित्रात पुसट पट्ट्यासारखी उमटते आणि उरलेली दहा राहून जाते. एवढी फट डोळा बिनतक्रार भरून काढतो आणि आपल्याला धाव सलग वाटते.

आता शटर १/४००० सेकंद करून बघा. तेवढ्या वेळात मुलगा सरकतो जेमतेम दीड मिलिमीटर. चित्र अगदी रेखीव येतं, पण पुढच्या चित्रात तोच मुलगा एकदम २० सेंटिमीटर पुढे असतो आणि मधल्या धावेचा कुठे मागमूस नसतो. रेखीव चित्र, उडी, रेखीव चित्र, उडी. तुम्हाला दिसणारे झटके ते हेच. काही दिग्दर्शक हा परिणाम मुद्दाम साधतात. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ (१९९८) या चित्रपटातल्या किनाऱ्यावरच्या लढाईत शटर असंच आखूड ठेवलं होतं, त्यामुळे उडणारी माती कणाकणाने दिसते आणि बघणाऱ्याच्या जिवाला स्वस्थता लाभत नाही. युद्धाला ते शोभतं, शालेय स्पर्धेला शोभेलच असं नाही.

पण १/४०००चा उद्योग तुम्ही केला नव्हता, तो फोनने आपण होऊन केला. फिल्मच्या रोलच्या काळात छायाचित्रकारांचा एक नियम असे : लख्ख उन्हात भिंगाचं तोंड एफ/१६ इतकं बारीक करा आणि शटर फिल्मच्या वेगाइतकं ठेवा, म्हणजे १००ची फिल्म असेल तर १/१००. मोठ्या कॅमेऱ्यात हे तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर, लहानमोठं करता येतं. बहुतेक फोनमध्ये ते कायम एकाच मापाचं असतं, आणि तेही एफ/१.८च्या आसपास, म्हणजे चांगलंच मोठं. एफ/१६च्या तुलनेत त्यातून सुमारे ऐंशीपट उजेड आत येतो. तोंड लहान करता येत नाही, मग फोन आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, तळाला नेतो आणि उरलेला सगळा भार शटरवर टाकतो. आयएसओ ५० असलं तरी गणित १/४०००च्या घरात जातं. उजेड भरपूर म्हणजे व्हिडिओ उत्तम, ही समजूत स्थिर फोटोपुरती खरी आहे. फोनवरच्या व्हिडिओत ऊन जितकं कडक तितके झटके जास्त.

यावर चित्रीकरणाच्या पुस्तकांत एक ठरलेला उपाय सांगितलेला असतो : शटर चित्रांच्या दुप्पट ठेवा. सेकंदाला २५ चित्रं असतील तर १/५०, तीस असतील तर १/६०, साठ असतील तर १/१२०. जुन्या सिनेकॅमेऱ्यात फिल्मसमोर एक चकती फिरत असे. तिचा अर्धा भाग कापलेला असला, की प्रत्येक चित्राच्या वेळेतला निम्मा वेळ उजेड आत येई आणि निम्मा वेळ अडे. सिनेमातली हालचाल जशी पाहायची आपल्याला सवय आहे, ती यातूनच आली. नियम चांगला आहे. मात्र तुमच्या कामाला तो लावण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि माझ्या मते सगळ्या सेटिंग्जच्या आधी विचारायचा प्रश्न हाच आहे : व्हिडिओ कुणासाठी काढताय? स्नेहसंमेलनात पालकांना दाखवायला, की मुलांच्या चुका काढायला?

समजा, पाठलाग करणाऱ्या मुलीने खांबाजवळ सूर मारला. पुढची मुलगी वळली आणि बोटं तिच्या टाचेला लागली की नाही, यावर वाद झाला. सूर मारताना हातही सेकंदाला पाच-सहा मीटरच्या वेगाने जातो. शटर १/५० असेल, तर त्या चित्रात हात दहा-बारा सेंटिमीटर फराटलेला दिसेल. पंजाच्या जागी नुसता गव्हाळ ढग. बोट कुठे संपलं आणि टाच कुठे सुरू झाली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. शटर १/५०० केलं, की तो फराटा एका सेंटिमीटरवर येतो आणि बोटं मोजता येतात. १/१००० केलं, तर नखही दिसेल. ‘खो’ मिळण्याआधीच गडी उठला का, पाय मधल्या पाटीत पडला का, हे बघायचं असेल तरी हाच हिशोब.

म्हणजे शिकवण्यासाठी व्हिडिओ काढायचा असेल, तर उन्हातला तो तुटकपणा हा दोषच नाही. तुम्ही व्हिडिओ थांबवून, एकेक चित्र पुढे सरकवून मुलांना दाखवणार आहात. तिथे रेखीव चित्र हवं, सलग धाव नाही. फोनने उन्हात आपण होऊन १/२००० किंवा १/४००० धरलं असेल, तर त्याला खुशाल तसंच राहू द्या.

तिथे वाढवायची आहे ती चित्रांची संख्या. या बाबतीत तुमच्या भाच्याचं बरोबर आहे, फक्त कारण त्याने सांगितलेलं दिसत नाही. शटर एकेक चित्र किती रेखीव येणार ते ठरवतं, तर एफपीएस अशी चित्रं किती मिळणार ते ठरवतं. सेकंदाला ३० चित्रांत मुलगा दर चित्राला २० सेंटिमीटर सरकतो, साठमध्ये १०, एकशेवीसमध्ये पाच. बोट टाचेला लागलं तो क्षण दोन चित्रांच्या मधेच निसटण्याचा धोका तेवढा कमी होतो. शिवाय झटकेही निम्म्यावर येतात. म्हणून दिवसाच्या सामन्याला ६०, आणि फक्त सुराचा किंवा खांबावरून वळण्याचा सराव टिपायचा असेल तेव्हा १२०, हे पुरे. २४०च्या वाटेला जायची गरज खो-खोत क्वचितच पडते. त्याला उजेड फार लागतो, बऱ्याच फोनमध्ये चित्राचा दर्जा उतरतो आणि नऊ मिनिटांची एक पाळी आठपट संथ करून बघायला बसलात, तर सव्वा तास जाईल.

पालकांसाठी, स्नेहसंमेलनासाठी व्हिडिओ काढताना मात्र तो पुस्तकातला नियम पाळा. ६० एफपीएस आणि १/१२५च्या आसपास शटर. आता एवढा वेळ भर उन्हात उजेड आत घेतला, तर चित्र पांढरं फटक पडेल. म्हणून भिंगावर काळसर काच लावतात, तिला एनडी फिल्टर म्हणतात. ती रंग न बदलता फक्त उजेड कमी करते. तिच्यावरचा आकडा सरळ असतो : एनडी ८ म्हणजे उजेड आठव्या हिश्श्यावर, एनडी ३२ म्हणजे बत्तिसाव्या. फोन १/४००० धरत असेल आणि तुम्हाला १/१२५ हवं असेल, तर भागाकार येतो ३२. झाला तुमचा फिल्टर पक्का. फोनवर चिमट्याने बसणारे फिल्टर मिळतात. उन्हाचा गॉगल भिंगापुढे धरायचा प्रयोग करणारे उत्साही लोक असतात. त्याने उजेड कमी होतो हे खरं, पण काचेला रंग असेल तर मुलांच्या चेहऱ्यांनाही तोच रंग चढतो.

हे आकडे फोनला सांगायचे कुठे? काही अँड्रॉइड फोनमध्ये ‘प्रो व्हिडिओ’ असा वेगळा विभाग असतो, तिथे शटर आणि आयएसओ हाताने ठरवता येतात. आयफोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात व्हिडिओसाठी शटर हाताने ठरवायची सोय नाही. तिथे ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखं मोफत अ‍ॅप घ्यावं लागतं. ते आता अँड्रॉइडच्या काही फोनवरही चालतं.

रात्रीचे काळे पट्टे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची आहे. प्रत्येक फेरीत दिव्याचा उजेड दोनदा चढतो-उतरतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/१०० ठेवलं, की प्रत्येक चित्रात एक पूर्ण चढउतार मावतो. १/५० ठेवलं, तर दोन मावतात. चित्राच्या प्रत्येक भागाला सारखाच उजेड मिळतो आणि पट्टे जातात. १/१२५ किंवा १/५०० ठेवलं, की कुठल्या भागाला चढता उजेड मिळतो, कुठल्या भागाला उतरता, आणि पट्टे सरकू लागतात. इंटरनेटवरच्या अमेरिकी व्हिडिओंत १/६० आणि १/१२०चा सल्ला असतो तो तिथल्या साठ फेऱ्यांच्या विजेमुळे. आपण तो जसाच्या तसा उचलला, की पट्टे आलेच. काही फोन आणि कॅमेऱ्यांत ‘अँटी-फ्लिकर’ नावाखाली ५० किंवा ६० निवडायची सोय असते. तिथे ५० निवडा. आणि ६० एफपीएसवर पट्टे येणारच, हाही एक गैरसमज आहे. ६० एफपीएसला शटर १/१०० ठेवा, पट्टे येत नाहीत.

रात्रीच्या पुसटपणाला मात्र पुरता उतारा नाही, हे आधीच सांगून टाकतो. १/१०० शटरला सहा मीटर वेगाचा मुलगा सहा सेंटिमीटर फराटणार. शटर आणखी वेगवान करावं, तर पट्टे येतात आणि उजेडही अपुरा पडतो. मग आयएसओ वाढतो, चित्रात रवा सांडल्यासारखे ठिपके येतात आणि ते झाकण्याच्या नादात फोन मुलांचे चेहरे घोटून गुळगुळीत करतो. चांगल्या एलईडी झोतांचा उजेड जवळजवळ स्थिर असतो, तिथे १/२५० चालून जातं. पण हे दिवे पाहून सांगता येत नाही. सामन्याआधी त्या शटरवर दहा सेकंदांचा व्हिडिओ काढून पाहावा. पट्टे दिसले, तर मुकाट्याने १/१००वर यावं. टीव्हीवर खो-खो इतका स्वच्छ कसा दिसतो, असं मुलं विचारतील. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक त्यांनी पाहिला असेलच. पुरुषांच्या संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांच्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे, आणि दोन्ही चषक भारताने जिंकले. ते सामने बंदिस्त स्टेडियममध्ये, मॅटवर, प्रक्षेपणासाठी बेतलेल्या प्रखर दिव्यांखाली झाले. आपल्या मैदानावर चार खांबांवरच्या दिव्यांत तसं चित्र येणार नाही, त्यात फोनचा दोष नाही.

आता तो तिरका खांब. फोनचा सेन्सर सगळं चित्र एका क्षणात टिपत नाही. आपण पान वाचतो तसा तो वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत ओळीओळीने टिपत जातो. हे काम सेकंदाच्या अगदी लहान भागात उरकतं, पण तेवढ्यात तुम्ही फोन झपकन डावीकडून उजवीकडे फिरवलात, तर खांबाचं टोक एका जागी टिपलं जातं आणि बुंधा दुसऱ्या जागी. जमिनीपासून सव्वा मीटरच्या आतबाहेर उंचीचा सरळ खांब चित्रात कलतो. झूम केलेलं असेल, तर जास्तच कलतो. शटर वेगवान करून हे जात नाही, उलट तिरका खांब जास्त रेखीव दिसतो! फोन फिरवू नये, हाच त्यावरचा उपाय.

आणि खो-खोत फोन फिरवायची गरजही नसते. क्रिकेटमध्ये चेंडू कुठे जाणार याचा थोडाफार अंदाज असतो. इथे एका ‘खो’सरशी खेळाची दिशा पालटते, कॅमेरा तिकडे वळेपर्यंत आणखी एक ‘खो’ दिलेला असतो. फोन ट्रायपॉडवर पक्का बसवा, सगळं मैदान चित्रात मावेल इतका मागे न्या आणि हात काढून घ्या. शाळेच्या व्हरांड्यावर किंवा गच्चीवर जागा मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण उंचीवरून मधली पाटी, रेषा आणि पाय वेगवेगळे दिसतात. बाजूने काढण्यापेक्षा एका खांबाच्या मागून, मैदानाच्या लांबीच्या दिशेने काढलेलं मला बरं वाटतं. कॅमेऱ्याकडे येणारा किंवा दूर जाणारा गडी आडवा पळणाऱ्यापेक्षा कमी फराटतो. पलीकडचा खांब लहान दिसतो, एवढा तोटा आहे. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन बंद करा. हात हलत नसताना ते उगाच चित्राच्या कडा कापतं.

दुकानदाराचं फोर-के इथे कामाला येतं. दूरवर लावलेल्या फोनमधून सबंध मैदान टिपलं, तर नंतर फक्त खांबाजवळचा तुकडा कापून मोठा करून दाखवता येतो, कारण फुल एचडीच्या चौपट ठिपके हाताशी असतात. त्याची किंमत जागेत मोजावी लागते. आयफोनच्या सेटिंगमध्ये कंपनीनेच दिलेल्या आकड्यांनुसार, फाइल लहान ठेवणाऱ्या पर्यायात ६० एफपीएसच्या फोर-केला मिनिटाला सुमारे ४०० एमबी लागतात, फुल एचडीला ९०. नऊ-नऊ मिनिटांच्या चार पाळ्या म्हणजे ३६ मिनिटं. फोर-केमध्ये चौदा जीबीच्या वर, फुल एचडीमध्ये सव्वातीन. दोन सामने असले, की फोनमधले कितीतरी लग्नांचे फोटो उडवावे लागतील. घरच्यांना आधी विचारा.

एक्स्पोजर आणि फोकस सामना सुरू होण्याआधीच पक्के करून टाका. मैदानाच्या एका कडेला कडुनिंबाची सावली असते, मुलं उन्हातून सावलीत शिरतात आणि फोन दर वेळी चित्र उजळवत-काळवंडवत राहतो. बऱ्याच फोनमध्ये पडद्यावर मैदानाच्या मध्यावर बोट दाबून धरलं, की दोन्ही जागच्या जागी बसतात. बोट उन्हातल्या मातीवर ठेवा, सावलीवर नको. काळसर आलेलं चित्र नंतर थोडं उजळता येतं, पण पांढरं पडलेल्या भागातला तपशील परत येत नाही. एप्रिलच्या सामन्यात आणखी एक विघ्न असतं. आयफोनसाठी कंपनी बाहेरचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं सांगते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात ते अकरालाच ओलांडलेलं असतं. तापलेला फोन आधी पडदा मंद करतो, मग रेकॉर्डिंग बंद पाडतो. फोनवर छत्री धरायला राखीव खेळाडूंपैकी एकाला बसवा. फोन ओल्या फडक्यात गुंडाळू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर मुलांना पाठवताना तो व्हिडिओ नेहमीसारखा न टाकता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नाहीतर तुम्ही जपलेली बोटं आणि टाचा तिथे दाबून पुन्हा पुसट होतात.

राहता राहिला नवा फोन. तो घेऊ नका. आहे त्याच फोनवर ६० एफपीएस ठेवून पहा. दिवसा चुका दाखवायला शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान, समारंभासाठी फिल्टर लावून १/१२५, रात्री १/१००. पैसे खर्चायचेच असतील, तर वाऱ्यात न हलणाऱ्या ट्रायपॉडवर खर्च करा. आणि सामन्याआधी भिंग सुती फडक्याने पुसा, खिशातल्या फोनच्या भिंगावर बोटांचा तेलकट थर असतोच.